वडिलांची गिरणी सिद्ध करताना

गिरणी कामगारांच्या घरांसाठी आईच्या नावाने केलेला अर्ज अखेर पात्र ठरला. घर मिळालेलं नाही, कधी मिळेल हेही सांगता येत नाही. पण माझे वडील मुंबईच्या गिरणीत खरोखर कामाला होते, एवढी गोष्ट सरकारदरबारी मान्य झाली. ती मान्य करून घेताना काय काय करावं लागलं ते इथे लिहिते आहे, कारण आमच्या राजापूर तालुक्यातच अशी पुष्कळ घरं आहेत जिथे अर्ज भरला, पावती देवाच्या तसबिरीमागे ठेवली आणि पुढे 'कागद नाहीत' म्हणून माणसं गप्प बसली.

आधी नियम सांगते. मुंबईतल्या ५८ गिरण्यांपैकी एखाद्या गिरणीत जो १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर नोकरीवर होता, तो किंवा त्याचा वारस या घरासाठी पात्र. तारीख हीच का, ते गिरणगावातल्या माणसाला समजावून द्यावं लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही.

आमची अडचण नेमकी या तारखेत होती. वडील साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. संप सुरू झाल्यावर चार-पाच महिने त्यांनी मुंबईत कशीबशी कळ काढली आणि पावसाच्या तोंडाला ते गावी आले. पुन्हा गिरणीत त्यांना कोणी घेतलं नाही. म्हणजे १९८२ सालातलं त्यांचं प्रत्यक्ष काम जेमतेम सतरा दिवसांचं. त्याआधीचे कागद ट्रंकेत होते: कायम होण्याआधीचं बदली कामगाराचं कार्ड, १९७८-७९ च्या पगाराच्या पावत्या, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं फाटकं पुस्तक. १९८२ दाखवणारा एकही कागद नव्हता. आणि विचारायला वडील नव्हते. ते २००४ साली गेले.

आईने अर्ज भरला २०११ मध्ये, गावातल्या सगळ्यांनी भरला तेव्हा. त्यानंतर सोडती निघाल्या. २०१२ ला ६,९२५ घरांची, २०१६ ला दोन, २०२० ला बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास गिरण्यांच्या जागेवरच्या ३,८९४ घरांची. सगळ्या मिळून १५,८७० घरं. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. आमच्या गिरणीच्या वाट्याला काही आलं नाही. मग सप्टेंबर २०२३ मध्ये म्हाडाने सगळ्या अर्जदारांची पात्रता ठरवण्याची मोहीम सुरू केली. कागदपत्रं संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर चढवायची, नाहीतर वांद्रे पूर्वेच्या समाज मंदिर सभागृहात प्रत्यक्ष नेऊन द्यायची. यादीत गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबरची (गिरणीतल्या कामगार क्रमांकाची) प्रत, सर्व्हिस सर्टिफिकेट, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, ईएसआयचा नंबर, हजेरीपत्रक, रजेचं रजिस्टर, ग्रॅच्युइटीचा आदेश, पगाराची पावती असे बरेच प्रकार होते. सगळे लागतात असं नाही, पण जे द्याल त्यातून माणूस त्या तारखेला नोकरीवर होता हे दिसलं पाहिजे.

आई म्हणाली, "बाय, ट्रंक पुन्हा उपस."

ट्रंकेतल्या कागदांबद्दल थोडं सांगायला हवं. वडिलांनी जपले ते पगाराचे कागद. आईने जपली ती मनिऑर्डरीची कुपनं. पोस्टमन पैसे देऊन फॉर्मचा खालचा तुकडा घरी ठेवून जायचा, त्यावर पाठवणाऱ्याला दोन ओळी लिहिता यायच्या. तशी कुपनं तिने सुतळीत ओवून ठेवली होती. शेवटचं जानेवारी १९८२ चं. वडिलांच्या अक्षरात: "रु. १५० पाठवले. पाड्याला पेंड आणणे. आईच्या गुडघ्याचं औषध बोटीवाल्याच्या पोराकडे दिले आहे. पुढच्या महिन्याचे नक्की नाही." ही शेवटची ओळ वाचून मी बराच वेळ तशीच बसले. संप होणार हे त्यांना ठाऊक होतं. आई मात्र कुपन हातात घेऊन म्हणाली, "हे चालेल काय?" नाही चालत. माणूस मुंबईत होता एवढंच त्यातून कळतं, गिरणीत होता हे नाही.

आमच्या घरातून मुंबईला जाणारे वडील पहिले नव्हते. पणजोबा जैतापूरहून बोटीने गेले. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावरांनी १८५४ साली ताडदेवला काढली, आणि नंतरच्या पन्नास वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यातली गावंच्या गावं तिकडे लोटली. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे या एका जिल्ह्यात जन्मलेले होते. डोंगराळ जमीन, भाताचं एकच पीक, त्यातला मोठा वाटा खोताचा, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचा. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. तोवर मुंबईच्या पगारातून खोताचं आणि सावकाराचं देणं फिटायचं.

पण माणूस मुंबईला गेला म्हणजे घर मुंबईला गेलं असं झालं नाही. लालबाग, परळ, डिलाईल रोड, शिवडी इथे गावकीच्या खोल्या होत्या. एका गाळ्यात वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायको, पोरं, म्हातारी माणसं गावी. लावणीला, गणपतीला, शिमग्याला गावी यायचं, खाडे भरायचे, परत जायचं.

मला यात एक गोष्ट नेहमी खुपते. गिरणीचा पगार एका माणसाला खोलीत झोपवण्यापुरता आणि गावी थोडं पाठवण्यापुरता होता. मुलं वाढवणं, आजाऱ्याचं करणं, म्हातारपणी सांभाळणं, बेकार झाल्यावर जेवू घालणं हा सगळा खर्च गावातल्या बायकांनी शेतात राबून उचलला. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा कामगार गावी पळाले आणि गावाने त्यांना सांभाळलं. १९८२ च्या संपातही तेच. इतका मोठा संप इतके महिने चालला तो घाटावरच्या आणि कोकणातल्या कणग्यांतल्या धान्यावर. त्या दोन पावसाळ्यांत आईने स्वतःच्या शेताबरोबर दुसऱ्यांच्या लावण्याही मजुरीने केल्या. तिचं नाव कुठल्याच मस्टरवर नाही. अर्जात ती फक्त 'वारस' आहे.

तर कागद. गिरणी खासगी होती, कधीच बंद झालेली. तिची दप्तरं जिथे असतील असं कळलं त्या ठिकाणी चौकशी केली. तिथल्या माणसाने काउंटरवरूनच सांगितलं की बदलीवाल्यांची रजिस्टरं उरलेली नाहीत. मी म्हटलं, वडील नंतर कायम झाले होते. तर म्हणाला, तिकीट नंबर आणा. तिकीट नंबर पगारपावतीवर होता, तो दिला. मग उत्तर आलं की या नंबरासमोरचं नाव जुळत नाही.

नाव जुळत नव्हतं हे खरंच होतं. गिरणीच्या कागदांवर वडिलांचं घरी हाक मारायचं नाव आणि पुढे आजोबांचं नाव, आडनाव नाहीच. मृत्यूच्या दाखल्यावर शाळेतलं पूर्ण नाव, आडनावासह. रेशनकार्डावर तिसराच प्रकार. त्या पिढीत हे घरोघरी होतं. जॉबरने, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाने जे नाव सांगितलं ते मस्टरकारकुनाने लिहिलं, आणि पगार तिकिटावर मिळत असल्यामुळे नावाकडे कोणी पाहिलं नाही. तुमच्याकडेही असं असेल तर घाबरू नका. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करता येतं. आम्ही ते आईच्या नावे केलं, सोबत वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि सातबारा जोडला. सातबाऱ्यावर गिरणीतलं नाव आणि आडनाव दोन्ही एकत्र होतं, त्याचा फार उपयोग झाला. माझ्या भावाचं ना हरकत पत्र, वारसांचा दाखला हे त्याच सुमारास करून घेतलं.

१९८२ चा प्रश्न मात्र तसाच राहिला. तो सुटला लालबागला.

आमच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाची खोली तिथे अजून आहे. वडील याच खोलीत राहायचे. खोलीची व्यवस्था पाहणारे काका स्वतः गिरणी कामगाराचे चिरंजीव, आता सत्तरीला आलेले. मी सांगितल्यावर त्यांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. आत वर्गणीच्या वह्या, लाल कापडी बांधणीच्या. प्रत्येक पानावर राहणाऱ्यांची नावं, पुढे खातं, मग भाडं, दिवाबत्ती, पाणी असे रकाने. १९८२ ची वही निघाली. वडिलांच्या नावासमोर 'साचे', जानेवारीत सगळे रकाने भरलेले. फेब्रुवारीपासून मेपर्यंत 'येणे, येणे, येणे, येणे'. त्या पानावरच्या बहुतेक नावांसमोर हेच. पानाच्या तळाशी वेगळ्या शाईत एक ओळ: "संपातील सर्व येणे मंडळाने माफ केले." खाली तीन सह्या, एक अंगठा.

मी त्या पानाचा फोटो काढला. म्हाडाला ते चालणार नव्हतं, तरी काढला. माफ करणारी माणसंही संपावरचीच होती. मंडळाकडे पैसा कुठून आला असेल, घरमालकाला भाडं कोणी भरलं असेल, याचा हिशेब वहीत कुठेही नाही. काकांनाही तो सांगता आला नाही.

पेटीच्या तळाशी पत्रांचा गठ्ठा होता. खोलीच्या पत्त्यावर आलेली आणि ज्यांची त्यांच्यापर्यंत न पोहोचलेली पत्रं. त्यात वडिलांच्या नावाचं खाकी पाकीट होतं. १९८६ साली घराची कौलं बदलायला त्यांनी फंड काढला होता, एवढं आईला आठवत होतं. पैसे मिळाले, पण त्याबरोबरचे कागद नोकरीतल्या पत्त्यावर म्हणजे लालबागला गेले आणि तिथेच राहिले. पाकिटात फंड काढायच्या अर्जाची प्रत होती, गिरणीच्या शिक्क्यासह. फंडाचा खाते क्रमांक, तिकीट नंबर, नोकरीत लागल्याची तारीख आणि नोकरी सुटल्याची तारीख. ती ऑक्टोबर १९८२ मधली होती.

हेच हवं होतं. पुढच्या रकान्यात नोकरी सुटल्याचं कारण छापील पर्यायांतून निवडलेलं होतं: स्वतःहून सोडली.

घरी येऊन आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सोडली कधी? दार त्यांनी लावलं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "तसंच लिहिलंय तर तसंच दे. पण तू कुठेतरी लिहून ठेव की सोडली नव्हती." म्हणून इथे लिहिते. माझ्या वडिलांनी गिरणी सोडली नव्हती. संपानंतर ते दोनदा गेटवर जाऊन आले, दोन्ही वेळा त्यांना आत घेतलं नाही. ज्या कागदाने ते पात्र ठरले त्या कागदावर ही गोष्ट नाही, आणि माझी खात्री आहे की हजारो कामगारांच्या कागदांवर ती अशीच नसेल.

वांद्र्याला मी आईला घेऊन गेले. ऑनलाइन करता आलं असतं, पण नावाचा घोळ समोर बसून समजावलेला बरा असं वाटलं, आणि आईलाही यायचं होतं. सभागृहात बसलेली माणसं पाहिली की अर्धा महाराष्ट्र गोळा झाल्यासारखं वाटत होतं. साताऱ्याकडचे टोपीवाले आजोबा, मालवणी बोलणाऱ्या दोन बहिणी, उत्तर प्रदेशातून वडिलांची फाइल घेऊन आलेला एक जण. तोही तिसऱ्या पिढीचा, त्याचे वडील सूत कातायच्या थ्रॉसल खात्यात. प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी. माझ्या शेजारच्या आजोबांनी ईएसआयचं कार्ड लॅमिनेट करून आणलं होतं. त्यांचं स्वतःचं होतं, ते अजून हयात होते आणि सोडतीत नाव लागायची वाट बघत होते. "लागलं तर नातवाला होईल," म्हणाले.

टेबलावरच्या मुलीने आमचे कागद एकेक पाहिले, मूळ प्रती ताडून पाहिल्या, प्रतिज्ञापत्रावरचं नाव आईला वाचून दाखवलं आणि विचारलं, "आजी, हे दोघे एकच ना?" आई म्हणाली, "एकच. लग्न एकदाच झालं." त्या मुलीने हसून शिक्का मारला. पोचपावती जपून ठेवा, आणि जे देता त्याची एक प्रत घरी राहू द्या. जुन्या पगारपावत्यांची शाई उडत चाललेली असते, त्यांचे फोटो आजच काढून ठेवा. फंडाचा कागद नाही मिळाला तरी फंडाचा नंबर कुठेतरी सापडतोच, बहुधा पगारपावतीच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. आणि गावकीची खोली अजून असेल तर तिथली पेटी आधी उघडा.

पात्र ठरल्याचा निरोप आला तेव्हा नवा वाद सुरू झालेला होता. शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय काढून मुंबईबाहेर शेलू आणि वांगणी इथे घरं देण्याची योजना पुढे आणली. कामगार संघटनांचा त्याला विरोध आहे, घरं मुंबईतच हवीत म्हणून जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोर्चा झाला. मला हा हट्ट वाटत नाही. गिरण्यांच्या जमिनी मुंबईत आहेत. १९९१ च्या नियमात त्यांचे तीन सारखे वाटे करून मोकळी जागा, घरं आणि मालक अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. तिथे आकाशाला टेकणाऱ्या इमारती झाल्या. ज्यांनी तिथे कापड विणलं त्यांना आता कर्जतच्या वाटेवर जायला सांगणं न्यायाचं नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, "लालबागला दिलं तर एक रात्र राहीन. त्यांनी कुठे काढली ती वर्षं ते बघेन." ती कधीही वडिलांच्या खोलीत गेलेली नव्हती. बायकांनी त्या खोलीत जायची पद्धतच नव्हती.

लालबागच्या त्या खोलीत आज आमच्याच गावची सहा मुलं राहतात. कोणी मॉलमध्ये सुरक्षारक्षक, कोणी घरोघरी पार्सल पोचवणारा. त्यातल्या एकाला मी विचारलं, पगाराचा कागद काही मिळतो का? त्याने मोबाइलवर ॲप दाखवलं. त्यात आठवड्याची कमाई दिसते, जुनी दिसत नाही. नेमणुकीचं पत्र नाही. त्याला चाळीस वर्षांनी कोणी विचारलं की तू २०२४ मध्ये इथे कामाला होतास का, तर तो कुठली पेटी उघडणार? त्याला ई-श्रमवर नोंदणी करून दिली, बारा अंकी नंबर मिळाला. पण तिथे माणूस असंघटित कामगार आहे एवढं कळतं. कुठे, कोणाकडे, कधीपासून कधीपर्यंत काम केलं याचा पुरावा त्यातून निघत नाही.

आणि मग आपल्याकडे पाहिलं. आमच्या हापूसच्या बागेत दरवर्षी नेपाळहून कुटुंब येतं. पावसाळ्यानंतर येतात, फवारणी, राखण, काढणी सगळं करतात आणि आंबा संपला की जातात. रत्नागिरीपासून देवगडपर्यंत बहुतेक बागांत आता हेच लोक आहेत, कारण गावचे तरुण मुंबईला. बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात राहतात, चूल बाहेर. आम्ही त्यांना पैसे वेळेवर देतो, पण कागद कधी दिला नव्हता. कोणीच देत नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने कामगाराला फोटोचं पासबुक द्यावं, त्यात कामाचं ठिकाण, मुदत, मजुरीचा दर लिहावा असं स्पष्ट होतं. ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ठेकेदारामार्फत जाणाऱ्यांसाठी. नेपाळहून आपापल्या ओळखीने आलेल्या माणसाला तेवढाही आधार नाही.

यंदा मी शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर त्या दोघांची पूर्ण नावं, त्यांच्या ओळखपत्रावर आहेत तशीच, नवऱ्याबरोबर बायकोचंही वेगळं. आल्याची तारीख, काम, ठरलेली मजुरी, दिलेले पैसे, दोन्हीकडच्या सह्या. एक प्रत त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. बायकोचं नाव वेगळ्या ओळीत लिही, हे आईने सांगितलं. तिची मजुरी आजवर नवऱ्याच्याच आकड्यात धरली जात होती, ती आता तिच्या नावापुढे येते.

वाडीतल्या इतर बागायतदारांनाही तसाच कागद द्यायला सांगते आहे. दोघांनी वही घातली. एक जण म्हणाला, उद्या हे लोक हक्क सांगतील. मी म्हटलं, सांगू देत की, काम केलंय त्यांनी. तो अजून तयार झालेला नाही. काढणीच्या आधी त्याच्याकडे आईला घेऊन जाणार आहे.